४८ खरा की ८३? रेक्टमच्या गाठीचं सीटी परफ्युजन करताना

प्रश्न नागपुरातल्याच एका रेडिओलॉजी रेसिडेंटचा आहे. थिसिसचा विषय रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरमधला रक्तप्रवाह. तो मोजायचा सीटी परफ्युजनने, म्हणजे काँट्रास्ट टोचून एकाच जागेची एकामागून एक चित्रं घेऊन. मशीन १२८ स्लाइसचं. एकाच पेशंटचा एकच डेटा कन्सोलच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर गाठीचा ब्लड फ्लो ४८ मिली प्रति मिनिट प्रति १०० मिली येतो, आणि वर्कस्टेशनवरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ८३. खरा कुठला? केमोरेडिएशननंतर त्याच पेशंटचा आकडा कन्सोलवर ४८ चा ३९ झाला. गाइड म्हणतात, रिस्पॉन्स (उपचाराला प्रतिसाद) लिहून टाका. लिहू का? आणि प्रोटोकॉल काय ठेवू?

डॉक्टर, रिस्पॉन्स लिहू नका, निदान आत्ता तरी. आणि ४८ खरा की ८३ हा वादही जरा बाजूला ठेवा, कारण आपापल्या गणितात दोन्ही बरोबर असू शकतात. तुमची खरी अडचण अशी आहे की तोच पेशंट उद्या पुन्हा टेबलावर घेतला तर आकडा ४८ च्या किती जवळ येईल, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते कळेपर्यंत दोन स्कॅनमधला फरक उपचाराचा की मोजणीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. परफ्युजनचा सगळा प्रोटोकॉल ह्या एका गोष्टीभोवती बांधायचा असतो.

काही गोष्टी तुमच्या मशीनवर ठरतील. ‘१२८ स्लाइस’ ह्या नावावर जाऊ नका. अशा बऱ्याच मशीनमध्ये डिटेक्टरच्या ओळी ६४ च असतात आणि टेबल न हलवता साधारण ४ सेंटिमीटरच झाकले जातात. शटल मोड (टेबल पुढेमागे हलवत स्कॅन) असेल तर जास्त उंची मिळते, पण एकाच जागेचं चित्र मग दर ३ सेकंदांच्या आसपास मिळतं आणि कर्व्हचा, म्हणजे वेळेनुसार उजळपणाच्या आलेखाचा, तीव्र चढ नेमका हुकू शकतो. रेक्टमच्या गाठीसाठी माझी पसंती टेबल स्थिर ठेवून ४ सेंटिमीटर, पण दाट सॅम्पलिंग, अशी आहे.

आता तो आकडा येतो कुठून ते बघा. मॅक्सिमम स्लोप हे सगळ्यात सोपं मॉडेल. गाठीच्या कर्व्हचा सर्वांत तीव्र चढ भागिले धमनीची कमाल एनहान्समेंट (काँट्रास्टने वाढलेला उजळपणा), एवढंच. गाठ सेकंदाला २ एचयूने (एचयू म्हणजे सीटीतल्या उजळपणाचं एकक) चढली आणि धमनी बेसलाइनच्या वर २५० एचयू गेली, तर २ भागिले २५०, म्हणजे ०.००८. त्याला ६० सेकंदांनी आणि १०० मिलीने गुणा: ४८. आता धमनीचा आरओआय (मोजणीसाठी आखलेला भाग) एखाद्या बारीक शाखेवर ठेवला, पार्शल व्हॉल्यूममुळे (शेजारची ऊती त्याच पिक्सेलमध्ये मिसळल्याने) तिची उंची २५० ऐवजी १४५ च दिसली, तर तीच गाठ, तोच चढ, आणि उत्तर ८३. तुमच्याकडे हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आर्टरी कुठली आणि तिचा पीक किती, हे आधी शेजारी शेजारी ठेवून बघा. अर्ध्या भानगडी तिथेच सापडतात.

धमनी सारखीच निघाली तर फरक मॉडेलचा. मॅक्सिमम स्लोप असं धरून चालतं की चढ टिपला जाईपर्यंत काँट्रास्ट गाठीतून शिरेवाटे बाहेर पडायला लागलेलं नाही. ५० मिली काँट्रास्ट ५ मिली प्रति सेकंदाने दिलं, तर बोलस (एका दमात दिलेला डोस) १० सेकंदांचा. गाठीतला ट्रान्झिट टाइम (काँट्रास्टला गाठीतून पार व्हायला लागणारा वेळ) मात्र ५-६ सेकंदांचा असू शकतो. गृहीतक तुटतं आणि फ्लो कमी दिसतो. डीकन्व्होल्यूशन ह्या दुसऱ्या मॉडेलला हे बंधन नाही, पण ते नॉइजला (चित्रातल्या दाणेदारपणाला) फार हळवं आहे, आणि प्रत्येक कंपनीचं स्मूदिंग वेगळं. पॅटलॅक पद्धत काँट्रास्ट रक्तातून ऊतीत एकाच दिशेने जातं असं मानते. तिच्यातून ब्लड व्हॉल्यूम आणि पर्मिएबिलिटी (रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून होणारी गळती) मिळते, फ्लो बहुधा वेगळ्या वाटेने काढलेला असतो. तेव्हा एका मॉडेलचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचा नाही, आणि कुठल्याही पेपरमधला कटऑफ आपल्या पेशंटला लावायचा नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. ब्लड व्हॉल्यूम भागिले ब्लड फ्लो म्हणजे मीन ट्रान्झिट टाइम. व्हॉल्यूम ७ मिली प्रति १०० मिली आणि फ्लो ८३ असेल, तर ७ भागिले ८३ मिनिट, म्हणजे साधारण ५ सेकंद. सॉफ्टवेअरचा आकडा ह्याच्या जवळपास असावा. अगदी तंतोतंत जुळणार नाही, कारण प्रत्येक पिक्सेलच्या भागाकारांची सरासरी आणि सरासरींचा भागाकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ५ च्या जागी १५ दिसले तर कर्व्ह उघडून बघा, सॉफ्टवेअरच्या रंगीत मॅपकडे बघत बसू नका.

धमनीबद्दल अजून थोडं. ४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात महाधमनी येत नाही, म्हणून एक्स्टर्नल इलियाक घ्या, आणि पट्टा अगदी खाली असेल तर कॉमन फेमोरल. इंटर्नल इलियाक गाठीच्या जवळची म्हणून मोह होतो, पण ती बारीक आणि तिरकी जाते. वयस्कर पेशंटच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम असतं. आरओआय त्याला शिवता कामा नये. मध्यभागी लहान गोल ठेवा, आणि दुसऱ्या स्कॅनला त्याच बाजूची तीच धमनी. उजवी-डावी अदलाबदल केली तरी आकडा हलतो.

तयारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाण्याकडे. गडचिरोली-गोंदियाहून रात्रीच्या बसने निघालेला पेशंट, ‘उपाशीपोटी या’ एवढंच ऐकून आदल्या रात्रीपासून पाणीही न प्यालेला, आणि दिवस नवतप्याचे. अशा पेशंटची शीर सापडत नाही, किडनीवर ताण येतो, आणि रक्ताभिसरणच बदललेलं असल्याने फ्लोही त्याचा नेहमीचा नसतो. घन अन्न ४ तास बंद, पाणी चालू, हे अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात लिहा. सिकलसेल असेल तर पाण्याबाबत दुप्पट काळजी. आपल्या भागात हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचं माप) बघायचाच.

तोंडावाटे पॉझिटिव्ह काँट्रास्ट द्यायचं नाही. लघवीला जाऊन यायला सांगा. रेक्टम रिकामं असावं, पण त्यात जेल किंवा हवा भरून ताणू नका. ताणलेल्या भिंतीचा प्रवाह बदलतो आणि पुढच्या वेळी तितकाच ताण देणं जमत नाही. उताण्या पेशंटमध्ये गॅस वर, म्हणजे पुढच्या भिंतीकडे जमतो, त्यामुळे पुढच्या भिंतीवरच्या गाठींमध्ये आर्टिफॅक्ट जास्त येतो. हे नोंदवून ठेवा, नंतर कारण शोधताना उपयोगी पडतं.

हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ शिरेतून, डायनॅमिक स्कॅनच्या लगेच आधी. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, हृदयाचे ठोके अनियमित वा फार जलद असणं, मायस्थेनिया, हे विचारून मगच. थोडा वेळ दृष्टी अंधुक होते, म्हणून पेशंटला लगेच स्वतः गाडी चालवू देऊ नका. रेक्टममध्ये पेरिस्टाल्सिस कमी असलं तरी वरच्या भागातल्या आणि सिग्मॉइडच्या (रेक्टमच्या लगेच वरच्या आतड्याच्या) गाठी चांगल्याच सरकतात, आणि एकदा गाठ पट्ट्यातून बाहेर गेली की मोशन करेक्शन ती परत आणू शकत नाही. श्वास रोखायला लावू नका, कारण ४५ सेकंद कोणाला जमत नाही आणि शेवटी मोठा श्वास घेतला जातो. शांत, उथळ श्वास, पोटावर पट्टा. ही सूचना पेशंटला समजेल त्या भाषेत आधीच द्या. हिंदी-मराठी दोन्ही अवघड जाणारे पेशंट गडचिरोलीकडून येतात, तेव्हा नातेवाइकाची मदत घ्या.

जागा ठरवताना आधी कमी डोसचा प्लेन स्कॅन. प्लेनमध्ये गाठ नीट दिसेलच असं नाही, म्हणून एमआरआयचे सॅजिटल फोटो आणि एंडोस्कोपीतलं गुदद्वारापासूनचं अंतर समोर ठेवा. गाठीचा जाड भाग पट्ट्याच्या मध्यावर आणा.

काँट्रास्ट ३५० किंवा ३७० चं (मिलीमागे तितके मिग्रॅ आयोडीन), ५० मिली, ५ मिली प्रति सेकंद, मागोमाग तेवढ्याच वेगाने ४० मिली सलाइन. ३५० चं ५० मिली म्हणजे १७.५ ग्रॅम आयोडीन. स्टोअरमधून मध्येच ३०० चं आलं तर थिसिसच्या पेशंटला वापरू नका. इंजेक्शन सुरू झाल्यावर ५ सेकंदांनी स्कॅन सुरू, म्हणजे काँट्रास्ट पोचण्याआधीची सपाट बेसलाइन हमखास मिळते. पहिली ४५ सेकंदं दर सेकंदाला एक चित्र. वय जास्त किंवा हृदय कमजोर असेल तर ६० सेकंदं आणि चित्र दर दीड सेकंदाला, कारण त्यांचा धमनीचा पीकच उशिरा येतो आणि ४५ ला कापलं तर ब्लड व्हॉल्यूम खोटा निघतो. पर्मिएबिलिटी हवी असेल तर पुढे दर १५ सेकंदांनी एकेक चित्र, साधारण पावणेतीन मिनिटांपर्यंत. १०० केव्ही, १०० एमएएस, ५ मिलिमीटरचे स्लाइस. बारीक पेशंटला ८० केव्ही चालतं, आयोडीन जास्त उजळ दिसतं आणि डोसही घटतो. पण रुंद कमरेत ८० ला हाडांमधून नॉइजच नॉइज येतो. एका पेशंटला एकदा जे लावलं तेच दुसऱ्या स्कॅनला.

हे सगळं कॅन्युलावर अडतं. १८ गेजची, कोपराच्या पुढच्या भागात, शक्यतो उजव्या हाताला. हाताच्या मागच्या बाजूला नको. पहिल्या स्कॅनला शिरा बऱ्या असतात. केमोनंतर त्याच पेशंटला १८ गेज जात नाही, टेक्निशियन २० ची लावतो, प्रेशर वाढलं की इंजेक्टर आपोआप वेग ५ वरून साडेतीनवर आणतो, आणि तुम्हाला कोणी सांगत नाही. मॅक्सिमम स्लोपमध्ये फ्लो तेवढ्याने खाली येतो आणि कागदावर छान रिस्पॉन्स दिसतो. म्हणून दर वेळी इंजेक्टरवरचा प्रत्यक्ष वेग आणि प्रेशरचा आलेख बघून नोंदवा. आधी २० मिली सलाइन त्याच वेगाने देऊन शीर तपासा. केमोपोर्ट असेल तर तो पॉवर इंजेक्शनला चालणारा आहे ह्याची खात्री नसताना त्याला हात लावू नका.

स्कॅन झाल्यावर मॅप उघडण्याची घाई नको. आधी सिने लूप फिरवा. गाठ जागेवर राहते का बघा. मग धमनीचा कर्व्ह: सुरुवात सपाट, मग एकच टोकदार शिखर, मग उतार, आणि पुढे रीसर्क्युलेशनचा बारीक उंचवटा. पहिल्याच चित्रात धमनी उजळलेली असेल तर बेसलाइन गेली. शिखराचं टोक रुंद आणि चपटं असेल तर बोलस पसरला. गाठीचा कर्व्ह करवतीसारखा दातेरी असेल तर हालचाल झाली. ती दोन-चार चित्रं काढून टाकता येतात, पण चढावरची काढली तर मॅक्सिमम स्लोपला अर्थ उरत नाही. असा स्कॅन थिसिसमधून वगळा आणि वगळल्याचं लिहा.

गाठीचा आरओआय हातानेच काढा. एका स्लाइसवर लाल दिसलेल्या जागी गोल ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे: गाठीत कडा जास्त रक्ताची, मधला भाग कमी, म्यूसिनस (श्लेष्माने भरलेली) गाठ तर जवळजवळ गारठलेलीच दिसते. लाल जागा निवडली की तुम्ही उत्तरच निवडलं. गाठ दिसते त्या प्रत्येक स्लाइसवर पूर्ण कडा काढा, आतला गॅस, मल, बाहेरची चरबी आणि मेसोरेक्टममधल्या (रेक्टमभोवतीच्या चरबीच्या आवरणातल्या) रक्तवाहिन्या सोडा, आणि सगळ्या स्लाइसची सरासरी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये खालचा-वरचा एचयू थ्रेशोल्ड असेल तर हवा आणि चरबी त्यातच गळते. उपचारानंतर भिंत १ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीची उरली असेल तर ५ मिलिमीटरच्या स्लाइसवर मिळालेल्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

हिमोग्लोबिन हीही एक गंमत आहे. रक्तातलं काँट्रास्ट फक्त प्लाझ्मात असतं, तांबड्या पेशींत जात नाही. म्हणून सॉफ्टवेअर हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) धरून दुरुस्ती करतं, बहुतेक वेळा एकच ठरावीक आकडा सगळ्यांना. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट रक्त जाऊन ७ हिमोग्लोबिनवर येतात, मग रक्त चढवून १० वर आणलं जातं, आणि तुमचे दोन स्कॅन ह्या दोन टोकांना पडतात. हिमॅटोक्रिट टाकायची सोय असेल तर त्या दिवशीचा टाका. नसेल तर निदान तक्त्यात एक रकाना ठेवा.

आता ४८ ते ३९. घट १९ टक्के. उपचार न बदलता तोच पेशंट दोनदा मोजला तर आकडे किती हलतात, ह्याचं माप म्हणजे विदिन-सब्जेक्ट कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन. त्याला २.७७ ने गुणलं की एका पेशंटमध्ये खरा म्हणता येईल असा किमान फरक कळतो. तुमचं व्हेरिएशन १५ टक्के धरलं, आणि ते काही वाईट नाही, तर ही मर्यादा ४० टक्क्यांच्या पुढे जाते. लॉग घेऊन नीट काढली तर घटीच्या बाजूला ३४ टक्के आणि वाढीच्या बाजूला ५२ टक्के येते. १९ टक्के घट खरी मानायची असेल तर तुमचं व्हेरिएशन ७-८ टक्क्यांच्या आत हवं, आणि पोटाच्या परफ्युजनमध्ये ते क्वचितच साधतं. पूर्ण गटाची सरासरी मात्र १९ टक्क्यांनी घसरली तर तो निष्कर्ष टिकू शकतो, कारण पेशंट वाढले की मोजणीतला इकडचा-तिकडचा फरक बराचसा एकमेकांत मिटतो. एका पेशंटबद्दल बोलायचं की गटाबद्दल, हे गाइडशी बोलून आधीच ठरवा. २००४ साली बेव्हॅसिझुमॅबच्या (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाच्या) एकाच डोसनंतर रेक्टमच्या गाठीतला रक्तप्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं सीटी परफ्युजनवर दाखवलं गेलं, ते मोजक्या पेशंटांत. घट एवढी मोठी असली की पद्धत तिला पुरते.

हे व्हेरिएशन काढायला खरं तर काही पेशंटांचे उपचाराआधी एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन स्कॅन हवेत. एथिक्स कमिटी तयार असेल आणि पेशंटला डोस समजावून सांगितला असेल तरच. नाहीतर निदान दोघांनी, एकमेकांचं न बघता, सगळे आरओआय दोनदा काढा. त्यातून फक्त वाचनातला फरक कळतो, स्कॅनमधला नाही, आणि थिसिसमध्ये ते तसंच लिहावं लागेल.

डोसचा हिशेब डोक्यात ठेवा. एका फेरीला ४ मिलिग्रे धरले आणि ५० फेऱ्या झाल्या तर २०० मिलिग्रे, गुणिले ४ सेंटिमीटर, डीएलपी (डोस गुणिले लांबी) ८००, पेल्व्हिससाठी ०.०१५ ने गुणलं की १२ मिलिसिव्हर्ट. हे नेहमीच्या स्टेजिंग सीटीखेरीज वरचं. ‘एवी तेवी पेशंटला ४५-५० ग्रेचं रेडिएशन मिळणारच आहे’ हा युक्तिवाद सोयीचा असला तरी कन्सेंट फॉर्मवर तो चालत नाही. तिथे आकडा लिहा, मराठीत आणि हिंदीत. दर सेकंदाऐवजी दर दोन सेकंदांनी चित्र घेतलं तर डोस जवळपास निम्मा होतो, पण डीकन्व्होल्यूशनची अचूकता घसरते. ही देवाणघेवाण सुरुवातीलाच ठरवा, थिसिसच्या मध्यात नको.

दुसऱ्या स्कॅनची वेळ सगळ्यांना एकच. रेडिएशन चालू असताना पहिल्या काही आठवड्यांत सुजेमुळे प्रवाह वाढूही शकतो. संपल्यावर हळूहळू फायब्रोसिस (जखमेच्या वणासारखी घट्ट ऊती) येतो आणि प्रवाह घटतो. एकाचा चौथ्या आठवड्यात आणि दुसऱ्याचा दहाव्या आठवड्यात केला तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहात. ५ ग्रेच्या पाच फ्रॅक्शनचे पेशंट लाँग कोर्सच्या (कित्येक आठवडे चालणाऱ्या रेडिएशनच्या) गटात मिसळू नका. उपचाराआधीच्या फ्लोवरून रिस्पॉन्सचं भाकीत करायचा मोहही टाळा: जास्त फ्लोच्या गाठी चांगला प्रतिसाद देतात असं काही अभ्यासांत आलं, काहींत उलट. आणि त्यातही मॉडेल, पेशंट, वेळ सगळंच वेगळं.

गाइड विचारतील की मग एमआरआयच का नाही. रेक्टमच्या लोकल स्टेजिंगला आणि रिस्पॉन्सला आज आधार एमआरआय, एंडोस्कोपी आणि बोटाने केलेली तपासणी हाच आहे. सीटी परफ्युजन नेहमीच्या उपचाराचा निर्णय फिरवत नाही. सीटीची ताकद अशी की एचयू आणि आयोडीनचं नातं सरळ रेषेचं आहे, त्यामुळे आकडा काढणं सोपं. एमआरआयमध्ये सिग्नलवरून काँट्रास्टचं प्रमाण काढतानाच अडचणी सुरू होतात. सिग्मॉइड आणि त्यावरच्या गाठींत, जिथे एमआरआय हालचालीने बिघडतो, तिथे सीटीला जास्त वाव आहे, उदाहरणार्थ जाड झालेली भिंत कॅन्सरची की डायव्हर्टिक्युलायटिसची (आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्यांच्या सुजेची), ह्या प्रश्नात. तुमचा विषय अजून रजिस्टर झाला नसेल तर तिकडे वळवण्याचा विचार करून बघा.

आणि एक काम आजच करा. पीएसीएसवर (हॉस्पिटलच्या डिजिटल चित्रसाठ्यावर) बऱ्याचदा फक्त रंगीत मॅप जातात, मूळ डायनॅमिक सिरीज कन्सोलवरून काही दिवसांत पुसली जाते. ५० वेळा ८ स्लाइस म्हणजे ४०० चित्रं, अर्ध्या एमबीच्या हिशेबाने २०० एमबी, फार काही नाही. नाव काढून, कोड घालून हार्ड डिस्कवर उतरवा. मध्येच सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदललं तर सगळे पेशंट पहिल्यापासून एकाच व्हर्जनवर पुन्हा प्रोसेस करावे लागतील, आणि त्यासाठी ही सिरीजच लागते.